शंका असल्यास नाही म्हणा

मानवी स्वातंत्र्याचा खरा इतिहास अजून लिहिला गेलेला नाही. ज्या दिवशी माणूस आपल्या यंत्राचा गाभा आपल्या हातानं घडवील त्या दिवशी तो सुरू होईल, आणि तो दिवस, निदान मंठा चौफुलीच्या आसपास, आज उजाडला आहे. राजानंद खरातनं रविवारी सकाळी पावणेदहा वाजता स्वतःच्या दारात उभं राहून हे जाहीर केलं तेव्हा ऐकायला फक्त गॅसची टाकी आणणारा माणूस होता. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं, टाकी खांद्यावरून उतरवली आणि म्हणाला, "काका, ओटीपी."

ओटीपी बेबीनंदाच्या मोबाइलवर आला होता आणि बेबीनंदा मोरीत हौदाला पाइप लावून उभी होती, कारण आठव्या दिवशी नळ आला होता. तिनं आतूनच चार आकडे ओरडून सांगितले, राजानंदनं ते गॅसवाल्यापर्यंत पोचवले आणि मानवी स्वातंत्र्याचा इतिहास तेवढ्यापुरता थांबला. तो जिना चढायला लागला तेव्हा मागून बायकोचा आवाज आला, "चार वाजता पोरगी फोन करणार हाय. ध्यानात हाय ना?" ध्यानात होतं. गुरुवारपासून ते ध्यानातच होतं, बुटात शिरलेल्या खड्यासारखं. चालता येतं, पण दर पावलाला खडा आपली हजेरी लावतो.

वरच्या खोलीत यंत्र होतं. त्याला कॉम्प्युटर म्हणायला राजानंदला आवडत नसे, कारण कॉम्प्युटर सगळ्यांकडेच होते. शेजारच्या अण्णासाहेबांकडे होता, त्यावर ते नातवाचे फोटो बघत. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात होता, त्यावर कंपाउंडर पत्ते खेळे. या लोकांनी दुकानातून आणलेली वस्तू दुकानदारानं दाखवलेल्या बटणानं चालू केली आणि दुकानदार म्हणाला तेव्हा बदलली. रंगीत खिडक्या उघडायच्या, रंगीत खिडक्या बंद करायच्या. आयुष्यभर दुसऱ्याच्या घराच्या खिडक्या पुसणाऱ्या बाईला निदान आपण काय करतो ते माहीत असतं. राजानंद लिनक्स नावाची प्रणाली वापरत होता. लिनक्सचा सगळा आतला मजकूर उघडा असतो, कुणीही वाचावा, कुणीही बदलावा. पण इथंही बहुतेक लोक तयार गाभा घेतात, आणि राजानंदला तयार वस्तूंची शिसारी होती: तयार मसाला, तयार कपडे, तयार मतं. म्हणून त्यानं स्वतःचा गाभा स्वतः कंपाइल करायचं, म्हणजे मूळ मजकुरापासून घडवायचं, ठरवलं होतं. गाभा, ज्याला जाणकार कर्नल म्हणतात, तो लोखंड आणि माणूस यांच्या मधोमध बसलेला असतो. आपण एखादं बटण दाबलं तर ते आधी त्याच्या टेबलावर जातं. तो बघतो, पारखतो, मग पुढं सोडतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा राजानंदला गहिवरून आलं होतं. छत्तीस वर्षं एका सरकारी कार्यालयात त्याचं काम हेच होतं. लोकांचे अर्ज त्याच्यापर्यंत येत, तो त्यातल्या त्रुटी काढी आणि अर्ज परत पाठवी. कार्यालय कोणतं ते सांगण्यात अर्थ नाही. माणूस बाहेर उभा असला की सगळी कार्यालयं सारखीच दिसतात.

गाभा घडवण्याआधी यंत्र प्रश्न विचारतं. थोडेथोडके नाहीत, हजारोंनी. तुम्हाला अमुक लागतं का, तमुक लागतं का. उत्तरं तीनच: वाय म्हणजे हो, एन म्हणजे नाही, आणि एम म्हणजे आत्ता नको पण वेळ पडली तर बोलावू. शहाणी माणसं हे सगळं एका यादीत बघतात आणि हवं तिथं खूण करतात. राजानंदनं सगळ्यात जुनी पद्धत निवडली होती, ज्यात काळ्या पडद्यावर एकेक प्रश्न येतो, उत्तर दिल्याशिवाय पुढचा येत नाही आणि एकदा दिलेल्या उत्तराकडे परत जाता येत नाही. ही पद्धत आता कुणी वापरत नाही असं त्यानं वाचलं आणि तेवढ्यावरच ती निश्चित झाली. एखादा प्रश्न कळला नाही तर प्रश्नचिन्ह दाबायचं, म्हणजे यंत्र दोन-चार ओळींत समजावून सांगतं, आणि त्या ओळींच्या शेवटी बहुधा एक इंग्रजी वाक्य असतं, ज्याचा अर्थ होतो: शंका असल्यास नाही म्हणा. बुधवारी सकाळी हे वाक्य पहिल्यांदा समोर आलं तेव्हा राजानंद खुर्चीत मागं रेलला. अख्ख्या नोकरीचं सार कुणीतरी परदेशातल्या माणसानं चार शब्दांत मांडून ठेवलं होतं, आणि तेही फुकट.

मग त्याला नाही म्हणायची चटक लागली. आपल्याकडे हौशी रेडिओ केंद्र आहे का? नाही. आपण टेप फिरणारी जुनी साठवणयंत्रं वापरता का? नाही. खेळायची दांडी, बोटानं चालणारा पडदा, चित्रकाराची पाटी, कॅमेरा? नाही, नाही, नाही, कॅमेरा तर मुळीच नाही. प्रत्येक प्रश्नामागं जगात कुठंतरी एक माणूस होता, डेन्मार्कातला किंवा कोरियातला, ज्यानं आपल्या दुकानातल्या कुठल्यातरी चमत्कारिक डब्यासाठी महिनोन् महिने बसून काहीतरी लिहिलं होतं आणि आता हात जोडून विचारत होता, साहेब, हे राहू द्यायचं का. आणि साहेब एका बोटानं त्याला परत पाठवत होते. गुरुवारपर्यंत एन या बटणावरचं अक्षर फिकट पडलं. दुसऱ्या दिवसापासून त्यानं प्रश्नचिन्ह दाबणंही सोडून दिलं. नाहीच म्हणायचं असेल तर समजून घ्यायचं कशाला, हा कार्यालयातला जुना नियम होता.

फोन गुरुवारी दुपारी आला होता. ज्योत्स्नाचा. ती पुण्यात सोळा वर्षं होती, ज्या पोरांना बोलता येत नाही त्यांना बोलायला शिकवण्याचं तिचं काम होतं. "पप्पा, काय करून राह्यले?" "काम." "वरच्या खोलीतच असाल." "मंग कुठं असू?" "तेच विचारायचं व्हतं," ती म्हणाली, आणि मग तिनं विचारलं. जालन्यात हे काम करणारं कुणी न्हाई. दोन घरं तिच्या माहितीतली होती, जी आपल्या पोरांना पहाटेच्या गाडीनं संभाजीनगरला नेत, अर्धा तास शिकवून परत आणत. वरची खोली मिळाली तर ती इथं येईल आणि तिथंच सुरू करील. जिना बाहेरून हाय, पोरं घरात येणार न्हाईत. ती स्वतः खाली राहील, मम्मीजवळ. हैदराबादच्या एका दवाखान्यानं तिला बोलावलं होतं, त्यांना रविवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. पुण्यातलं घर कसंही सोडायचंच होतं, सामान बांधायला काढलं होतं. "तुमी न्हाई म्हणलात तरी चालन, पप्पा. पण सांगा. मागच्या वेळेसारखं नका करू." पडद्यावर तेव्हा हौशी रेडिओचा प्रश्न उभा होता. राजानंदनं एन दाबलं. मग फोनमध्ये म्हणाला, "बघू." त्याला तेव्हाही जाणवलं होतं की हे एम झालं, आणि तीन उत्तरांतलं जे उत्तर तो सगळ्यात हलकं समजत होता, भित्र्यांचं, ते त्यानं पोटच्या पोरीला दिलं. ज्योत्स्ना आवाज बदलून म्हणाली, "माळ्यावरून तुमचा तो जुना कीबोर्ड निघाला, गोल पिनेचा. मी कॉलेजला येताना घेऊन आल्ते तो. टाकून देऊ?" "टाकून दे," राजानंद म्हणाला. याला विचार करावा लागला नाही.

आता रविवारचे सव्वादहा वाजले होते, प्रश्न शनिवारीच संपले होते आणि कंपाइल सुरू झालं होतं. पडद्यावर ओळी खालून वर सरकत होत्या. यंत्राचा पंखा जोरात फिरायला लागला आणि खोलीत गरम लोखंडाचा वास पसरला, रोलिंग मिलच्या रस्त्यावरून सायकलीनं जाताना लहानपणी यायचा तसा. तीन तास लागणार होते. तीन तास राजानंदला काहीच करायचं नव्हतं, आणि काहीच करायचं नसणं हे त्याच्यासारख्या माणसाला धोक्याचं असतं, कारण मग खडा टोचायला लागतो. तो खोलीकडे बघत बसला. दहा बाय बारा. एका भिंतीला यंत्र, एका भिंतीला बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली कपाट, कपाटात तारा, जुने सर्किट, पुठ्ठ्याच्या खोक्यांवर त्याच्याच अक्षरात क्रमांक. इथं पोरं बसणार. तोंड उघडून आ करणार, ऊ करणार. भिंतीला प्राण्यांची चित्रं लागणार. आया बाहेर जिन्यावर चपला काढून वाट बघत बसणार आणि आपसांत बोलणार. आणि यंत्र खाली जाणार, टीव्हीशेजारी, जिथं बेबीनंदाच्या बहिणी येऊन त्याच्यावर पर्स ठेवतील. ज्योत्स्नानं धंदाही काय निवडला. जालन्यात बोलणाऱ्यांची कमतरता त्याला तरी कधी जाणवली नव्हती. सरकारनं उलट शिकवणारा एखादा नेमला असता तर त्यानं वर्गणी दिली असती.

खोली नव्हतीच महत्त्वाची. हे त्याला माहीत होतं आणि म्हणून तो खोलीबद्दलच विचार करत होता. मागच्या वेळेसारखं नका करू, असं ती म्हणाली होती. मागच्या वेळी म्हणजे लग्नाच्या वेळी. सात मुलं सांगून आली आणि सातांच्याही त्यानं त्रुटी काढल्या. एकाचा पगार कच्चा, एकाचा भाऊ नोकरीत पक्का नव्हता, एक मुलगा चहा पिताना बशीत फुंकर मारत होता. तो नाही म्हणत नसे, बघू म्हणे, आणि लोक बघून बघून निघून जात. आठवा मुलगा ज्योत्स्नानं स्वतः बघितला आणि विचारायला नाही, सांगायला आली. राजानंद लग्नात पहिल्या रांगेत बसला, फोटोत आला, आणि कुणाशी बोलला नाही. सहा वर्षांनी ते मोडलं. ती दोन दिवस जालन्याला आली होती, स्वयंपाकघरात आईजवळ बसून हळू आवाजात बोलत होती, आणि तो वरच्या खोलीत ऐकत होता. त्याला वाईट वाटलं होतं, यात शंका नाही. पण वाईट वाटण्याच्या खाली, अगदी तळाशी, काहीतरी ऊबदार होतं, आणि ते काय आहे हे त्याला जिन्यात उतरता उतरता कळलं होतं. त्याचं म्हणणं खरं ठरलं होतं. त्रुटी निघाली होती. ती ऊब घेऊन तो खाली आला आणि म्हणाला, "जेवली का?" तिनं त्याच्याकडे बघितलं. तिला दिसलं असावं. पोरांच्या तोंडाकडे बघून आत अडकलेला शब्द ओळखायचा हाच तर तिचा धंदा होता.

"मोटार बंद करा," खालून बेबीनंदा ओरडली, "हौद भरून राह्यला." वरच्या खोलीतलं बटण दाबून त्यानं मोटार बंद केली. ओळी सरकत होत्या.

हे नाही म्हणणं कुठून आलं ते त्याला पक्कं ठाऊक होतं, तारीख सोडून. तो सातवीत होता आणि वडिलांबरोबर शिष्यवृत्तीचा अर्ज द्यायला गेला होता. वडील जिनिंगमध्ये हमाल होते, केदारखेड्याहून आलेले, कापसाचे तंतू त्यांच्या भुवयांवरून कधी गेलेच नाहीत. त्या दिवशी त्यांनी भुवया धुतल्या होत्या. टेबलामागच्या माणसानं अर्ज बघितला आणि म्हणाला, शिक्का न्हाई. दुसऱ्या दिवशी शिक्का होता, तर सही शिक्क्यावर पडली होती. तिसऱ्या दिवशी माणूस चहाला गेला होता. चौथ्या दिवशी त्यानं अर्ज घेतला, वाचलासुद्धा नाही. चारही दिवस वडिलांची हजेरी बुडाली, आणि चारही दिवस ते चपला दाराबाहेर काढून उभे होते, जरी तिथं कुणी चपला काढायला सांगितलं नव्हतं. परत येताना ते सायकल हातात धरून चालत होते. म्हणाले, "राजा, एक बघितलं का? न्हाई म्हणणारा माणूस कदी उभा नसतो. बसलेला असतो." एवढंच म्हणाले. शिक म्हणाले असते तर तो शिकला असता आणि विसरला असता. पण हे त्याच्या हाडात गेलं. पुढं दहा वर्षांनी तो त्याच जातीच्या एका खुर्चीत बसला तेव्हा पहिल्या आठवड्यात एक म्हातारा समोर आला. खांद्यावर उपरणं, पाय उघडे. राजानंदनं अर्ज बघितला. शिक्का होता, सही होती, पण एका रकान्यात जन्मगाव लिहायचं राहिलं होतं. पेन त्याच्या खिशात होतं. विचारून लिहिता आलं असतं. त्यानं अर्ज परत केला. म्हातारा म्हणाला, "बराबर हाय, साहेब," आणि गेला. राजानंद बसलेला होता. त्या वेळीही तीच ऊब आली होती, खालून वर. वडील तेव्हा जिवंत होते आणि त्यांनी संध्याकाळी विचारलं, पहिला आठवडा कसा गेला. तो म्हणाला, चांगला.

सव्वा वाजता कंपाइल संपलं. पडद्यावर शेवटची ओळ आली आणि पंखा मंद झाला. गाभा तयार होता, आणि किती लहान होता. लोक जो तयार घेतात त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढा. त्यात काही जास्तीचं नव्हतं. यंत्रानं एक सूचना दाखवली होती, जी कुठल्याही पुस्तकात ठळक अक्षरांत असते: नवा गाभा चालतो याची खात्री होईपर्यंत जुना ठेवा. राजानंदनं ती वाचली आणि नाकानं हसला. जुना ठेवायचा म्हणजे स्वतःवर शंका ठेवायची, आणि शंका असल्यास काय म्हणायचं ते ठरलेलं होतं. त्यानं जुना पुसून टाकला. मग यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं.

काळा पडदा. मग पांढऱ्या ओळी, सरसर, कुठंही न अडखळता. चार सेकंदांत, आधी जिथं चाळीस लागत, यंत्र उभं राहिलं आणि त्यानं एकच प्रश्न विचारला. तुमचं नाव. त्यापुढं एक छोटी पांढरी रेघ उघडझाप करत होती. राजानंदच्या डोळ्यांत पाणी आलं, हे नोंदवायला हवं, कारण नंतरच्या घटनांत ते विसरलं जाण्याची शक्यता आहे. त्यानं नावाचं पहिलं अक्षर दाबलं. काही उमटलं नाही. पुन्हा दाबलं. जोरात दाबलं. कीबोर्डवर कोपऱ्यात हिरवा दिवा असतो, तो विझलेला होता. त्यानं वायर काढून दुसऱ्या भोकात घातली, मग तिसऱ्या. रेघ उघडझाप करत राहिली. यंत्र निरोगी होतं, तल्लख होतं, त्याला काहीएक दुखत नव्हतं, आणि ते त्याला त्याचं नाव विचारत होतं, आणि त्याला सांगता येत नव्हतं. नाहीसुद्धा म्हणता येत नव्हतं.

त्यानं यंत्र बंद केलं, चालू केलं. सुरुवातीला क्षणभर हिरवा दिवा लागला, आणि कोणता गाभा हवा याची यादी आली. यादीत एकच नाव होतं. मग दिवा विझला आणि पुन्हा तोच प्रश्न. हे त्यानं पाच वेळा केलं. सहाव्या वेळी खुर्चीत बसून राहिला. त्यानं कुठं नाही म्हटलं होतं? सगळीकडेच म्हटलं होतं, हीच अडचण होती. मोबाइल काढून, चष्मा कपाळावर सरकवून, तो इंटरनेटवर प्रश्नांची यादी उलगडत गेला, अक्षरं मुंगीएवढी. तासाभरानं सापडलं. शुक्रवारी दुपारचा प्रश्न होता तो, त्याला आठवलं, जेवून आल्यावरचा. मानवी संपर्काच्या उपकरणांना आधार हवा का? मानवी संपर्क हे शब्द बघून त्याला आनंदच झाला होता, इतका ताठ एन त्यानं चार दिवसांत दुसरा दाबला नव्हता. त्याला वाटलं होतं, माउस असेल, खेळायच्या दांड्या असतील, हात लावायला आवडणाऱ्या लोकांची खेळणी. चपट्या पिनेचा कीबोर्डही त्यातच येतो हे प्रश्नचिन्ह दाबलं असतं तर कळलं असतं. आता त्यानं ते मोबाइलवर दाबलं. चार ओळी आल्या. माणसाकडून जे जे ऐकून घ्यायचं ते या मार्गानं येतं, अशा अर्थाचं काहीतरी होतं. आणि शेवटी तेच वाक्य, तसंच, फक्त एक शब्द वेगळा. शंका असल्यास हो म्हणा.

त्याच्या खाली कुणीतरी भल्या माणसानं लिहिलेलं होतं की घाबरू नका, गोल पिनेचा जुना कीबोर्ड लावा. तो चालतोच. त्याबद्दल गाभा साध्या माणसाला प्रश्नच विचारत नाही. काही गोष्टी विचारायच्या नसतात हे ज्यांनी तो लिहिला त्यांना कळत होतं. राजानंदनं यंत्राच्या मागं वाकून बघितलं. धुळीत ते गोल भोक होतं, जांभळं आणि हिरवं, दहा वर्षांत कुणी हात न लावलेलं.

त्यानं जुन्या जालन्यात सोमेश्वरला फोन लावला. यंत्र त्याच्याच दुकानातून बांधून घेतलं होतं. "सर, बोला," सोमेश्वर म्हणाला, मागं गिऱ्हाइकांचा गलका. "गोल पिनेचा कीबोर्ड आहे का?" "गोल पिनेचा?" सोमेश्वर थांबला. "सर, ते आता कोन ठेवतं. चपट्या पिनेचा देऊ ना, मस्त हाय, लाइट लागते त्याला." "गोलच पाहिजे." "झालं काय ते तर सांगा. मशीन लॉक झाली का?" राजानंदनं कीबोर्डची वायर पुन्हा काढून घातली. "आटोत टाकून आणा इकडं, पेनड्राइव्हनं उचलून देतो. अर्ध्या घंट्याचं काम. मंग विंडोजच टाकून देतो सर, बिलकुल ताप न्हाई तुमाला या वयात." राजानंदनं फोन ठेवला. डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं: मांडीवर यंत्र घेऊन तो ऑटोत बसला आहे, दुकानाच्या पायरीवर उभा आहे, आणि सोमेश्वर काउंटरमागं बसून त्रुटी काढतो आहे. उभा आहे. सोमेश्वर बसलेला आहे. इतकी वर्षं ओलांडून वडील तिथंच येऊन उभे राहिले, धुतलेल्या भुवयांनी, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवलही नव्हतं.

बेबीनंदा चहा घेऊन वर आली तेव्हा पावणेचार झाले होते. ती क्वचित वर येई. आष्टीच्या शाळेत तीस वर्षं उभ्यानं शिकवून तिचे गुडघे गेले होते. तिनं कप ठेवला, पडद्याकडे बघितलं. "काय म्हणून राह्यलं ते?"

"नाव विचारतंय."

"मंग सांगा की."

"सांगता येत न्हाई."

तिनं त्याच्याकडे बघितलं, मग कीबोर्डकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. तीस वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवलेल्या बाईला नाव सांगता न येणाऱ्या माणसाचं नवल नसतं. ती कपाटाला टेकून उभी राहिली. "मी तं गुरुवारीच हो म्हणून टाकलं असतं," ती म्हणाली. "पण तिनं मला विचारलंच न्हाई. म्हणली, खोली पप्पाची हाय, त्यांनाच विचारते. मला म्हणली, मम्मी, एकदा तरी त्यांनी न्हाईचं न्हाई सांगावं, म्हंजे मी हैदराबादला मोकळ्या मनानं जाते."

"एवढ्या दूर कशाला जाते."

"ते तिला सांगा. मला सांगून काय फायदा." तिनं बोटानं कप पुढं सरकवला. "आन् चहा प्या, साय धरून राह्यली."

तो चहा प्यायला. हैदराबाद. तिथं एक दवाखाना असेल, पांढऱ्या फरशीचा, एका पाटीवर तिचं नाव. ती महिन्यातून एकदा आईला फोन करील, आणि आई फोन त्याच्याकडे देईल, आणि ती म्हणेल, काय करून राह्यले पप्पा, आणि तो म्हणेल, काम. त्यानं हे पुढची वीस वर्षं, असली तर, अगदी स्पष्ट बघितलं, एकेक प्रश्न काळ्या पडद्यावर येतो तसं, मागं जाता न येणारं. आणि त्याला हेही दिसलं की त्यानं आत्ता सरळ हो म्हटलं तरी तिला वाटेल पप्पांनी दया केली, आणि नाही म्हटलं तर ती बराबर म्हणेल आणि जाईल. बराबर हाय, साहेब.

फोन वाजला. चारला दोन मिनिटं कमी होती. ज्योत्स्ना लहानपणापासून वेळेच्या आधी पोचणारी. बेबीनंदा जागची हलली नाही. राजानंदनं फोन उचलला आणि कानाला लावला. पलीकडे चिकटपट्टी फाडल्याचा आवाज येत होता, कुणीतरी खोकी बांधत होतं.

"पप्पा, मी बोलून राह्यले."

"हं."

"मंग? हैदराबादला काय कळवू?"

रेघ उघडझाप करत होती. त्याच्या घशात दोन शब्द होते आणि दोन्ही एकमेकांना पुढं जाऊ देत नव्हते. ज्योत्स्ना वाट बघत होती. तिला वाट बघता येई. कधी कधी ती एका पोराच्या एका अक्षरासाठी आठ महिने थांबे, असं तिनंच आईला सांगितलं होतं आणि त्यानं वरून ऐकलं होतं. चिकटपट्टीचा आवाज थांबला.

"तो कीबोर्ड," राजानंद म्हणाला.

"कोणता?"

"माझा जुना. गोल पिनेचा. टाकला का?"

"न्हाई अजून. रद्दीत ठेवलाय, भंगारवाला पाचला येणार हाय." तिच्या आवाजात कंटाळा आला, जुना, ओळखीचा. "पप्पा, मी तुमाला काय विचारून राह्यले, आन् तुमी..."

"टाकू नको."

"बरं. न्हाई टाकत. मंग त्याचं काय करू?"

राजानंदनं भिंतीकडे बघितलं, जिथं प्राण्यांची चित्रं लागणार होती. बेबीनंदा त्याच्याकडे बघत होती. तो खुर्चीतून उठला, का उठला ते त्यालाही कळलं नाही, आणि फोन कानाला धरून उभा राहिला.

"येताना घेऊन ये," तो म्हणाला. "टेम्पोत नको टाकू, हातात धर. पिना वाकतात त्याच्या."